दाब, धर, सोड

आमच्या छापखान्याच्या खिडकीतून समोर पाहिलं की मिस्त्रींचं गॅरेज दिसायचं. मी त्या खिडकीशी बसून प्रुफं तपासायचो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या म्हटल्यावर मान दुखते, मग मी मान वर करायचो आणि समोर मिस्त्री कुठल्यातरी मोटरसायकलच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलेले असायचे. अठ्ठेचाळीस वर्षांचा सडपातळ माणूस, शर्टाची वरपर्यंत लावलेली बटणं, कपाळावर एक चष्मा आणि डोळ्यांवर दुसरा. गॅरेज लहान, एकावेळी दोन गाड्या मावतील एवढंच. इंजिनाचं काम ते घ्यायचे, पण त्यांचा खरा हात ब्रेकवर. आसपासच्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले की ब्रेक त्यांच्याकडे यायचा.

माझी गाडीही तशीच गेली. पुढचा ब्रेक दाबला की दांडी मऊ लागायची, लोण्यात बोट घातल्यासारखी, आणि सकाळी चाकावर ओल दिसायची. ज्याच्याकडे आधी दाखवली होती त्याने पाना लावून कसलासा स्क्रू करकचून आवळला. चार दिवस बरे गेले, मग पुन्हा ओल. पुन्हा आवळला, पुन्हा ओल.

मिस्त्रींनी खाली वाकून नुसतं बोट लावलं, बोट अंगठ्यावर चोळलं आणि विचारलं, "कुणी आवळला एवढा?" माझाच कान धरल्यासारखं वाटलं मला.

मग त्यांनी मला तो स्क्रू दाखवला. त्याला ब्लीडर म्हणतात. करंगळीच्या निम्मा, आतून पोकळ. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की ब्रेक लागत नाही, ती हवा बाहेर काढायला हे दार. स्क्रू पाव वळसा सैल केला की तेल आणि हवा त्याच्या पोकळीतून बाहेर येते, घट्ट केला की बंद. पण बंद करतं ते त्याचं टोक. टोक निमुळतं असतं आणि आत कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या धातूच्या खोक्यात, त्याच्या मापाची बैठक असते. टोक बैठकीत नीट टेकलं की नुसत्या दोन बोटांनी बंद केलं तरी थेंब बाहेर पडत नाही. टोकावर गंज चढला, बैठकीत कचरा अडकला, की गळायला लागतं. आणि गळतंय म्हणून माणसं आवळतात. आवळून आवळून बैठक चेपते, मग आयुष्यभर गळतं.

"तुमची थोडी चेपलीय," ते म्हणाले. नवा स्क्रू बसवला, त्यावर रबराची टोपी घातली, आणि मग तेलातली हवा काढायला बसले. हे काम दोघांचं असतं. एकाने हँडलवरची दांडी दाबायची, दुसऱ्याने खाली पाना फिरवायचा. मिस्त्री एकटेच करत. स्क्रूवर पारदर्शक नळी चढवलेली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं, डावा हात वर दांडीवर, उजवा खाली पान्यावर, आणि शरीर मधल्यामधे ताणलेलं. आणि एकटे असूनही ते स्वतःशी पुटपुटत. दाब. धर. मग पाना थोडा सैल, पुन्हा घट्ट. सोड.

काम झाल्यावर त्यांनी माझ्या छापखान्यातल्या रद्दी प्रुफाची एक पट्टी मागितली आणि स्क्रूभोवती गुंडाळली. तासाभराने सोडली. कोरडी होती. कागद कधी खोटं बोलत नाही असं त्यांचे वडील म्हणायचे म्हणे. कागदावरचा मजकूर किती खोटं बोलतो ते मला ठाऊक होतं. तेव्हापासून रद्दी प्रुफं त्यांच्याकडे जायला लागली आणि माझं नाव 'चुकावाले' पडलं.

दुपारी मी त्यांच्या बाकावर चहा प्यायला जायचो. तिथे तुकड्यातुकड्याने मला त्यांच्या बहिणीची गोष्ट कळली.

गॅरेज वडिलांचं. आई गेली तेव्हा मिस्त्री सहा वर्षांचे आणि बहीण अकराची. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की दोन्ही पोरं थेट गॅरेजात. त्याच बाकावर अभ्यास, त्याच बाकावर डबा. वडील बहिणीला 'मोठी' म्हणायचे आणि ह्यांना 'छोट्या'. अभ्यासात मोठी बरी होती, पण पान्यात फार बरी. बारा वर्षांची असताना वडिलांनी तिला हवा काढायला बसवलं. छोट्या लाकडी खोक्यावर उभा राहून दोन्ही हातांनी दांडी दाबायचा, मोठी खालून हुकूम सोडायची. दाब. धर. सोड. एकदा त्याला शिंक आली आणि 'धर'च्या ऐवजी 'सोड' झालं, सगळी हवा परत आत. मोठीने त्याला दिवसभर 'सर्दी' म्हणून हाक मारली.

नळीतून जाणारे बुडबुडे पाहून ती सांगायची की अजून किती हवा उरलीय. मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग नुसता धुरकट पट्टा. "अजून एक आहे," म्हणायची, आणि खरंच एक निघायचा. वडील पुढे पुढे तिला विचारूनच काम संपवायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं वडिलांचा हात चांगला. हात कुणाचा ते घरातल्या तिघांनाच ठाऊक.

बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा दूर देशात कामाला, तो तिला घेऊन गेला. तिकडे तिने शिकून इस्पितळात नोकरी धरली. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली त्यांचं रक्त शुद्ध करणारी यंत्रं असतात, त्यांवर. एकदा फोनवर तिने भावाला सांगितलं होतं की माणसाला यंत्राला जोडायच्या आधी तिथेही नळ्यांमधली हवाच काढावी लागते, बुडबुडा राहिला तर जीव जातो. मिस्त्रींनी हे मला इतक्या अभिमानाने सांगितलं, जणू ते इस्पितळ त्यांच्याच वडिलांनी काढलं होतं.

एकतीस वर्षांत ती दोनदा आली. एकदा तान्ह्या मुलीला घेऊन, तेव्हा मुलीच्या तापातच आठवडा गेला. दुसऱ्यांदा वडील गेले तेव्हा, तीन दिवस, तेही अंत्यसंस्कार उरकल्यावर पोचली. बाकी सगळं नातं रविवारच्या फोनवर. फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न, "या आठवड्यात काय आलं होतं?" तब्येत, पाऊसपाणी, पोरांच्या परीक्षा, सगळं नंतर. आधी गाड्या.

त्यामुळे मिस्त्रींचा आठवडा रविवारकडे तोंड करून चालायचा. एखादी विचित्र खोड असलेली गाडी आली की त्यांचा चेहरा उजळायचा. "हे ताईला सांगायला पाहिजे," म्हणायचे. आठवडा साधासुधा गेला तर शनिवारी बेचैन व्हायचे. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला एकदा हसत सांगितलं होतं, "आमच्या घरात दोन बायका आहेत. एक स्वयंपाकघरात, एक फोनमध्ये. चालतं ते दुसरीचं."

मग एका रविवारी बातमी आली की ताई येतेय. एकटी, बारा दिवसांसाठी.

मिस्त्रींनी गॅरेज रंगवायला काढलं. भिंतीवर पाने मापाप्रमाणे लावले, खालची फरशी घासली. ह्याच सुमाराला माझा ब्रेक पुन्हा गळायला लागला होता. जुनी गाडी, कॅलिपर नवा मिळत नव्हता, आणि चेपलेली बैठक नव्या स्क्रूलाही किती दिवस दाद देणार. मी गाडी नेऊन लावली. ते म्हणाले, ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघतो. पुढचा आठवडा आला, गेला. मी पायी ये-जा करत होतो. विचारलं तर म्हणायचे, "गडबडीचं काम नाही हे." तेलाचा प्रत्येक थेंब टिपून घेणारा माणूस माझी गाडी गळत ठेवून बसला होता. शेवटी वहिनींनीच सांगितलं. "ती गाडी ताईंसाठी राखलीय त्यांनी. तुम्ही काही बोलू नका."

मी बोललो नाही. पाहुण्यांसाठी लोक काय काय राखून ठेवतात. माझ्या मित्राने गळका ब्रेक ठेवला होता.

ताई आली. पहिले दोन दिवस प्रवासाचा शीण. मग नातेवाइकांकडे जाणं, दातांचा डॉक्टर, वडिलांच्या घराच्या कागदांवर सह्या, एका मावशीचं आजारपण. मिस्त्री रोज सकाळी माझी गाडी बाहेर काढून स्टँडवर लावायचे, फडक्याने पुसायचे, आणि संध्याकाळी आत घ्यायचे. घरी जेवताना ते ताईला गॅरेजात ये म्हणत नव्हते आणि तीही विषय काढत नव्हती. वहिनी म्हणाल्या, दोघं एकमेकांना भाजी वाढत बसतात.

नवव्या दिवशी मी चहाला गेलो तर मिस्त्री म्हणाले, "इतकी वर्षं झाली हो. माणूस विसरतो. विसरणारच." मग बराच वेळ पाना पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी छापखान्याच्या पायरीवर एक बाई येऊन उभी राहिली. आखूड कापलेले करडे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. समोर गॅरेजकडे पाहत होती. मिस्त्री आत पाठमोरे काहीतरी करत होते. मला वाटलं पत्ता शोधतेय, म्हणून मी बाहेर गेलो. तिने मान न वळवता विचारलं, "ती निळी गाडी कुणाची? मी येते त्या वेळी तिथेच उभी असते."

"माझी," मी म्हणालो. "तुम्ही आधीही आला होता?"

"तीनदा. कोपऱ्यावरून परत गेले."

मग मी ओळखलं. तिने गाडीला काय झालंय ते विचारलं. मी सांगितलं, पुढच्या ब्रेकचा ब्लीडर गळतो, बैठक चेपलीय. किती दिवस झाले, तिने विचारलं. मी म्हणालो, अठरा.

"अठरा दिवस काय करतोय तो?"

"ते त्यांनाच विचारा," मी म्हणालो.

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग बाह्या कोपरापर्यंत गुंडाळत रस्ता ओलांडला. मीही मागोमाग गेलो. गाडी माझी होती, तेवढा हक्क मला होता.

तिने "छोट्या" म्हटलं. मिस्त्री वळले. तिने नुसता हात पुढे केला आणि मिस्त्रींनी त्या हातात आठ नंबरचा रिंग पाना ठेवला.

स्क्रू काढून तिने उजेडात धरला. टोकाभोवती एक बारीक कडं उमटलं होतं, एका बाजूला जास्त. मग बॅटरी लावून भोकात डोकावली. बैठक घासावी लागेल, म्हणाली. मिस्त्री म्हणाले, हो. तुला ठाऊक होतं, ती म्हणाली. मिस्त्री पुन्हा हो म्हणाले.

कॅलिपर सोडून, उघडून बाकावर घेतला. एका नव्या स्क्रूच्या टोकाला तिने इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट टाचणीच्या डोक्याएवढी लावली, तो भोकात टेकवला, आणि नुसत्या बोटांनी फिरवायला लागली. पाव वळसा पुढे, पाव वळसा मागे. पान्याचा जोर नाही, घाई नाही. सुरुवातीला बोटं अडखळत होती. मग मधेच केव्हातरी त्यांना जुना रस्ता सापडला. अर्धा तास ती फिरवत राहिली. मिस्त्री शेजारी फडकं धरून उभे होते. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, पण उभं राहण्याची ढब शाळकरी मुलाची.

पेस्टचा कण राहिला तर सगळी मेहनत वाया, म्हणून तीनदा धुतलं, हवा मारली, पुन्हा धुतलं. आणखी एक कोरा स्क्रू घेऊन बसवला, कॅलिपर जागेवर चढवला, वरच्या टाकीत ताजं तेल ओतलं. आणि मग ती खाली बसली आणि मिस्त्री दांडीशी उभे राहिले.

"दाब," ती म्हणाली. "धर." नळीतून चण्याएवढे बुडबुडे निघाले. "सोड."

किती वेळा ते मी मोजलं नाही. बुडबुडे लहान होत गेले, मग दिसेनासे झाले. मिस्त्रींनी झालं का म्हणून विचारलं. ती नळीकडे पाहत म्हणाली, अजून एक आहे. पुढच्या दाबाला तो निघाला, मोहरीएवढा, आणि नळीतून हळूहळू वर गेला. मिस्त्रींनी तोंड भिंतीकडे वळवलं आणि खूप वेळ टांगलेल्या पान्यांकडे पाहत राहिले.

स्क्रू तिने मनगट न हलवता, बोटांच्या जोरावर बंद केला, वर टोपी घातली. मी खिशातून प्रुफाची पट्टी काढून दिली. ती गुंडाळली आणि तिघं बाकावर बसलो. तास काढायचा होता. मी उठून जायला हवं होतं. गेलो नाही, ते आजही बरं वाटतं आणि वाईटही.

रस्त्याकडे पाहत ती म्हणाली, "मी बाबांकडे हे दुकान मागितलं होतं."

मिस्त्रींना कळलंच नाही. तिने सांगितलं. लग्न ठरत होतं त्याच्या आधीच्या आठवड्यात, ह्याच बाकावर ती वडिलांना म्हणाली होती. लग्न नको, मी इथेच काम करते, छोट्याला हवं ते शिकू दे. वडील रागावले नाहीत. कामातून मान वर न करता म्हणाले, दुकान छोट्याचं आहे. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं. तिने पुन्हा विचारलं नाही.

"मला वाटायचं तू सुटलीस," मिस्त्री म्हणाले. "ह्या तेलातून, काळ्या हातांतून. मला वाटायचं, ताई सुखात गेली."

"सुखातच आहे. नवरा चांगला आहे. काम चांगलं आहे." ती थोडं हसली. "पण दर रविवारी मी काय तुझ्या आवाजासाठी फोन करते होय रे? गाड्यांसाठी करते. तू बोलतोस तेव्हा मी इथे उकिडवी बसलेली असते."

मिस्त्री खाली मान घालून बसले. मग एकदम म्हणाले, परत ये. अर्धं कशाला, सगळं दुकान तुझं. उद्या पाटी बदलतो. ते अगदी मनापासून म्हणत होते, त्यांनी खरंच बदलली असती.

तिने मान हलवली. तिच्या मुलीला पुढच्या महिन्यात बाळ होणार होतं. यंत्रावर येणारे लोक आठवड्यातून तीनदा येतात, वर्षानुवर्षं तेच, तिची वाट पाहतात. "हवं होतं म्हणतेय मी," ती म्हणाली. "हवंय असं नाही म्हणत." मग थोड्या वेळाने, "हवंय तसं. पण त्या वयाचं हवंय. ते तू कुठून देणार."

समोर छापखान्याची यंत्रं सुरू झाली. तास झाल्यावर तिने पट्टी सोडली, दोन्ही बाजूंनी पाहिली, बोटांत चुरगळून पाहिली. कोरडी ठणठणीत. मला म्हणाली, घेऊन जा गाडी, आणि ह्यापुढे कुणाला आवळू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

मिस्त्रींमध्ये फार फरक पडला असं बाहेरून कुणाला दिसलं नसतं. काम तेवढंच, बोलणं थोडं आणखी कमी. एका दुपारी चहा पिता पिता म्हणाले, "चुकावाले, आधी नुसती आठवण यायची. गोड असायची ती. आता आठवण आली की तिच्या जागेवर बसलोय असं वाटतं." फोनवर त्यांनी दोनदा माफी मागितली होती. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा ताई म्हणाली, तू तेव्हा सतरा वर्षांचा होतास, आणि पुन्हा हे बोललास तर फोन बंद करीन, आता गाड्यांचं सांग. त्यांनी सांगितलं. पण आता ते नीट झालेल्या गाडीची हकिकत सांगत नसत. आठवड्यातलं एक अवघड काम उघडं ठेवत आणि ताईला विचारत, काय करू. ती प्रश्नांवर प्रश्न विचारायची. आवाज कसला येतो, तेलाचा रंग कसा, जुना स्क्रू फेकलास का. मग सोमवारी ते तिने सांगितलेलं करत. गिऱ्हाईक कुरकुर करायचं. बहुतेक वेळा उपाय त्यांना आधीच ठाऊक असायचा, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असणार.

वर्ष असंच गेलं. आणि एका बुधवारी फोन आला. बुधवारचा फोन म्हणताच मिस्त्रींचा चेहरा पांढरा पडला. मी बाकावरच होतो. पण बातमी वाईट नव्हती. तिच्या घरासमोर राहणाऱ्या एका बाईची जुनी मोटरसायकल होती, पुढचा ब्रेक गळत होता. ताईने विचारलं, मी बघू का. बाईला आधी गंमत वाटली. ताईने आपल्या अंगणात गाडी घेतली, दोन संध्याकाळी खपून ब्रेक नीट केला. तिथे पाने कुठे मिळतात ते शोधलं. आता त्या बाईची मैत्रीणही तिची गाडी घेऊन येणार होती. हे सगळं सांगताना ताई इतक्या भरभर बोलत होती की बाकाच्या दुसऱ्या टोकापर्यंत आवाज येत होता.

मिस्त्री हसत होते, मधे मधे विचारत होते. तेल कुठलं घातलंस, टोपी होती का त्याला. फोन ठेवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"छान झालं," मी म्हणालो.

"फार छान झालं," ते म्हणाले. मग उठले, उघडं ठेवलेलं काम हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. "तिकडेच जमतंय म्हटल्यावर," म्हणाले, "आता इथे कशाला येईल ती? नाही का?"

येईल हो, असं म्हणायला हवं होतं. पण मी खोटं बोललो असतो तर ते त्यांना लगेच कळलं असतं. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. चहा निवून गेला होता. समोरून मला कुणीतरी हाक मारत होतं, प्रुफं आली होती.